यजमानाविना अमरवेल

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनास आलेल्या यात्रिकाची दृष्टी सहसा पात्राकडे आणि दीपदानाकडे लागलेली असते. वाटेवरच्या एखाद्या बोरीवर पिवळ्या सुतांचा गुंता दिसला, तर कोणी टाकलेला दोराच असेल, असे समजून तो पुढे जातो. हा गुंता म्हणजे अमरवेल. हिला पाने नाहीत. रुजताना फुटलेले मूळही थोड्याच दिवसांत वाळते. मग यजमान झाडाला विळखा घालून ती आपली शोषकमुळे त्याच्या खोडात रुतवते आणि पाणी, क्षार, साखर ही सारी शिदोरी तेथूनच मिळवते. नावात अमरत्व असले, तरी यजमान वाळला की वेलही वाळते.

अशा परान्नपुष्ट वेलीला यजमानाकडून केवळ अन्न हवे असते की आणखी काही? याचा उलगडा दोघांची ताटातूट केल्यावाचून होणे नाही. त्यासाठी वेलीचा कोवळा शेंडा कापून निर्जंतुक करतात आणि कापसाच्या बोळ्याने बंद केलेल्या काचनळीत, आगराच्या थरावर ठेवतात. आगरात क्षार व साखर मिसळलेली असते. साखर आली की बुरशी आलीच; म्हणून साऱ्या कामात सोवळे कडक. अमेरिकेत काम करणाऱ्या लू या चिनी शास्त्रज्ञाने अमरवेलीच्या एका जातीचे शेंडे असे वाढवून १९४६ साली ती हकिकत प्रसिद्ध केली.

आपल्याकडे हा विषय पंचानन महेश्वरींच्या दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागात रुजला. बलदेव यांनी भारतीय अमरवेलीच्या शेंड्यांवर केलेले प्रयोग १९५९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९६२ च्या त्यांच्या निबंधावरून दिसले की, दिवस लहान ठेवले म्हणजे नळीतला शेंडाही कळ्या धरतो. अर्थात फुलण्याची वेळ ही वेल स्वतः ओळखते.

पण निसर्ग एकच उत्तर देऊन थांबत नाही. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी दाखविले की, अमरवेलीची दुसरी एक जात यजमानाच्या पानांत निर्माण होणारे, फुलण्याचा संदेश देणारे प्रथिनच शोषून घेते आणि त्याच्याच बरोबरीने फुलते.

जबलपुरातच १९८९ साली तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. लसूणघासात व कारळ्यात शिरलेली अमरवेल शेतकऱ्याला नकोशी असते ती तिच्या चिवटपणामुळे. बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. आणि कुंपण छाटताना तुटलेला एखादा तुकडा शेजारच्या झुडपावर पडला, तर काचनळीवाचूनही तो तेथे नवा संसार मांडतो.