सहा मिनिटांचा तास

माध्यमिक शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. वरिष्ठ महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवीसोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की माणूस वर्गात उभा राहू शकतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण ते पर्याय निवडण्याचे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं आहे. ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचं सहायकाचं कामही देता येतं. पण काम दिल्याने शिकवणं येत नाही. त्यासाठी बी.एड.वाल्यांच्या ओळखीची एक पद्धत विद्यापीठाच्या विभागांनी उचलावी, असं मला मनापासून वाटतं: सूक्ष्म अध्यापन.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ती घडवली. आपल्याकडे रुळलेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. विद्यार्थी पाच ते दहा, मुद्दा एक, आणि सरावाचं कौशल्यही एकच. फलकलेखन, उदाहरणं, स्पष्टीकरण हे सगळं एकाच दिवशी सुधारायला गेलं तर काहीच हाती लागत नाही.

समजा, भौतिकशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी प्रश्नकौशल्याचा सराव करते आहे. विषय सिंपल पेंड्युलम. ती सूत्र लिहिते, समजावते आणि विचारते, "समजलं का?" सगळे माना डोलावतात. निरीक्षक नोंद करतो: प्रश्न तीन, तिन्ही हो-नाहीचे, आणि प्रत्येकानंतर थांबली जेमतेम एक सेकंद. ही सवय तिची एकटीची नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तशी उत्तरं लांबली आणि गप्प बसणाऱ्या मुलांची संख्या घटली.

बारा मिनिटांत ती प्रश्न बदलते. दुसऱ्या पाठात विचारते, "लांबी चौपट केली तर आवर्तकाल किती होईल?" आणि थांबते. ही शांतता शिकवणाऱ्याला फार जड जाते, म्हणूनच तिचा सराव हवा. एक जण म्हणतो, "चौपट." ती "चूक" न म्हणता विचारते, "कसं काढलंस?" तो सूत्र पाहतो, वर्गमूळ त्याच्या लक्षात येतं, उत्तर दुप्पटवर येतं. दुसऱ्या पाठाला विद्यार्थी नवे घ्यायचे. जुन्यांना उत्तर ठाऊक असतं.

स्टॅनफर्डमध्ये व्हिडिओ मुद्रण वापरत. आता मोबाइल पुरतो. विभागात पाच-सहा संशोधक असले की एकमेकांचे विद्यार्थी आणि निरीक्षक होता येतं, फक्त नवशिक्याचे प्रश्न विचारायला प्रथम वर्षाची दोन-तीन मुलं जरूर बोलवावीत. मार्गदर्शकाला मात्र निरीक्षक करू नये. ज्यांच्या सहीवर प्रबंध अवलंबून आहे, त्यांच्यापुढे कुणी मोकळेपणाने अडखळत नाही. निरीक्षणाचा कागद शिकवणाऱ्याच्याच हाती द्यावा, विभागाच्या फायलीत तो लावू नये.