पेपरवेट कोणत्या कारखान्याचे? आधी तळ पाहा, मग भाव करा

कापडाच्या ताग्याचा काठ पाहिला की गिरणीचे नाव कळते. काचेच्या पेपरवेटला असा काठ नसतो. म्हणून या मालात विकणारा फसतो आणि घेणाराही.

1982 च्या संपानंतर चिंचपोकळी, लालबाग, परळ भागातील अनेक गिरण्या बंद पडल्या आणि जुन्या ऑफिसांचे सामान भंगारात निघाले. अशा सामानात कधी आत रंगीत फुले असलेला काचेचा गोळा सापडतो. तो पन्नास रुपयांचाही असेल किंवा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच मालही असेल.

ही फुले म्हणजे काचेच्या कांड्यांचे काप. रंगीत काचेची जाड कांडी तापवून लांब ओढतात. नक्षी तीच राहते, फक्त बारीक होते. मग काप पाडून, मांडून, वर स्वच्छ काच चढवतात. इटालियन लोक याला ‘मिलेफिओरी’ म्हणजे हजार फुले म्हणतात. व्हेनिसच्या पिएत्रो बिगालिया यांनी 1845 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात असे पेपरवेट मांडले आणि लगेच फ्रान्सच्या तीन कारखान्यांनी हे काम उचलले : बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी.

कारागिराची सही असलीच तर या कापांतच असते. बाकाराच्या काही नगांत ‘बी’ अक्षर व 1846 ते 1849 पैकी साल असते. सँ-लुईचे ‘एसएल’. क्लिशीची ओळख म्हणजे पाकळ्या गुंडाळलेला छोटा गुलाब. भिंगाशिवाय हे दिसत नाही. पुष्कळ नगांवर सहीच नसते. तिथे कापांची नक्षी खात्रीच्या नगांशी ताडून पाहणे हाच मार्ग.

मात्र नुसत्या सालावर सौदा करू नये. आत 1848 लिहिलेले इंग्लिश पेपरवेट बरीच वर्षे त्या काळचे म्हणून विकले गेले; ते विसाव्या शतकात बर्मिंगहॅमला बनले होते. चीनमध्येही 1930 च्या सुमारास फ्रेंच नमुन्यांच्या नकला झाल्या. त्यांची काच हलकी, किंचित पिवळट वा हिरवट असते.

वजनाची परीक्षा आपल्या तराजूवरही होते. नग दोऱ्याने टांगून आधी हवेत तोला, मग पाण्यात पूर्ण बुडवून. हवेत 600 ग्रॅम आणि पाण्यात 400 भरला तर घट 200. 600 भागिले 200 म्हणजे 3. शिशाच्या भारी काचेचा आकडा 3 च्या आसपास किंवा वर येतो, साध्या काचेचा अडीचच्या जवळ. यातून कारखाना कळत नाही, पण हलका माल बाजूला पडतो.

तळ उलटून पाहा. टेबलावर वर्षानुवर्षे सरकलेल्या नगाच्या टेकत्या कडेवर बारीक ओरखडे सर्व दिशांना असतात. एकाच दिशेने, सारखे असतील तर पॉलिश कागदाची करामत समजा. तळावर आम्लाने कोरलेला बाकाराचा गोल शिक्का असेल तर नग अस्सलच, पण जुना नव्हे. हे काम त्यांनी 1950 च्या दशकात पुन्हा सुरू केले.

आणि चकाकी आणण्यासाठी नग घासायला देऊ नका. घुमट घासला की आकार बदलतो, किंमत उतरते. पावतीवर ‘फ्रेंच’ तेव्हाच लिहा, जेव्हा गिऱ्हाइकाला भिंगातून खूण दाखवता येईल. नाही तर ‘जुने काचेचे पेपरवेट’ एवढेच लिहावे.