खगोलशास्त्रातील एम.एस्सी. : वाट आणि तयारी

खगोलशास्त्र म्हटले की दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस नजरेसमोर येतो. प्रत्यक्षात आजच्या खगोलशास्त्रज्ञाचा बराचसा वेळ संगणकापुढे जातो. तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासूनच त्याचे तापमान, त्यातील मूलद्रव्ये आणि त्याचा वेग काढावा लागतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालाम सुत्ताची शिकवण ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

या विषयाचा पाया भौतिकशास्त्र आणि गणित हाच आहे. बारावी विज्ञानानंतर भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करावी. शेवटच्या वर्षी ‘जॅम’ ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी. आय.आय.टी. इंदूर येथील खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रवेश याच परीक्षेतून होतो. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे जागा न मिळाल्यास निराश होऊ नये, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करूनही खगोल संशोधनाकडे वळता येते. पदवीच्या काळातच संगणकीय आज्ञावली लिहिण्याचा सराव ठेवावा.

पालकांच्या मनातील प्रश्न रास्त आहे : यातून पोट भरेल का? संशोधक होण्यासाठी एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची आणखी पाच-सहा वर्षे लागतात. मात्र संशोधन संस्थांत त्या काळात अधिछात्रवृत्ती मिळते. ज्याला इतके थांबणे परवडत नाही, त्याला अध्यापन व माहिती-विश्लेषणाची क्षेत्रे खुली असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तर परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला वेळेआधीच काढून ठेवावा. कागदांअभावी संधी हुकू देऊ नये.

हे क्षेत्र आपल्यापासून दूरही नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ स्थापन झाली. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मान्यता दिली.

विज्ञान शाखेतून पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत एखादा दिवस शाळेत येऊन दहावी-बारावीच्या मुलांना ही वाट समजावून सांगावी, एवढीच विनंती.