फ्रिजचे आवाज आणि त्यांचे अर्थ

घरातील फ्रिज कधी घुमतो, कधी गुडगुडतो, कधी 'टक्' करून गप्प होतो. पुष्कळांना यातला प्रत्येक आवाज बिघाडाचा वाटतो, आणि खऱ्या बिघाडाच्या आवाजाकडे मात्र दुर्लक्ष होते. दूध नासले तर फारसे बिघडत नाही. पण ज्या घरात इन्शुलिन ठेवलेले असते, तेथे ही गफलत महागात पडते. म्हणून या आवाजांची ओळख असलेली बरी.

मुळात फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पाणी उतारावरून आपोआप वाहते, वर चढवायचे तर पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. म्हणूनच फ्रिज हा एक उष्णतेचा पंप होय. अशाच यंत्राने घर तापवता येईल, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ साली मांडले. आज नॉर्वे-स्वीडनमधील असंख्य घरे याच रीतीने उबदार राहतात.

फ्रिजच्या मागे, खाली बसवलेला कॉम्प्रेसर वायू दाबतो. तापलेला वायू नळ्यांमधून उष्णता बाहेर सोडून द्रव होतो. हा द्रव बारीक नळीतून आत जाताच त्याचा दाब उतरतो, तो उकळू लागतो आणि आतली उष्णता शोषून घेतो. एकसुरी घुमणे हा कॉम्प्रेसरचा आवाज, गुडगुड ही त्या द्रवाची. कडकड होते ती थंडीने आकसणाऱ्या प्लॅस्टिकची. यांत काळजीचे काही नाही.

खडखड ऐकू आली तर फ्रिजवर हात दाबून पाहावे. आवाज थांबला, तर पाय समतल करावेत आणि फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढावा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजच्या आतून घरघर आली, तर बहुधा पंख्याचे पाते बर्फाला घासत असते. प्लग काढून, दार उघडे ठेवून बर्फ वितळू द्यावा. सुरीने तो कधीही खरवडू नये. नळीला भोक पडते, आणि नव्या फ्रिजमधला वायू बहुधा पेट घेणारा असतो.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे 'टक्', क्षणभर घुमणे, पुन्हा 'टक्', आणि गारवा मात्र नाही. कॉम्प्रेसर सुरू होण्याची धडपड करतो आणि संरक्षक स्विच त्याला जळण्यापासून वाचवतो. अशा वेळी फ्रिज लगेच बंद करावा. घरातले दिवे मंद असतील तर दोष कमी व्होल्टेजचा. ते सुधारेपर्यंत थांबावे, आणि हे नेहमीचेच असेल तर स्टॅबिलायझर बसवावा. गेलेली वीज परतल्यावरही पाच मिनिटे थांबून मगच फ्रिज लावावा, म्हणजे नळ्यांतला दाब समान होतो. व्होल्टेज ठीक असूनही टकटक चालू राहिली, तर मेकॅनिकला बोलवावे. मागचा पत्रा स्वतः उघडू नये.

आवाज कोठून येतो, केव्हा येतो आणि गारवा टिकून आहे काय, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारले, तरी मेकॅनिककडे विनाकारण धावणे टळेल आणि जेव्हा धावायला हवे तेव्हा उशीर होणार नाही.