पाच रेणू पाणी, सहा रेणूंचा दगड

धावपट्टीला खड्डा पडला तर नेहमीचं सिमेंट फारसं कामाचं नाही. त्याला बळ यायला दिवस लागतात आणि विमानं तेवढी थांबत नाहीत. अशा डागडुजीला मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट वापरतात. काही मिनिटांत ते आवळतं आणि तासा-दोन तासांत भार पेलू लागतं. हा वेग थक्क करतोच, पण मला त्याहून नवल वाटतं ते त्यातल्या पाण्याच्या हिशेबाचं.

यात मुख्य भुकट्या दोनच. एक, कडक भाजलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरी, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांचं रोजच्या ओळखीचं 0:52:34! पाणी पडलं की आधी हे खत विरघळतं. विरघळताना ते उष्णता शोषतं, म्हणून मिश्रण क्षणभर चक्क गार होतं. द्रावण असतं आम्ल, ऑक्साइड आहे अल्कधर्मी. दोघांची गाठ पडली की उष्णता उसळते आणि स्फटिक धरू लागतात. हे इतक्या झपाट्याने होतं, की माल घमेल्यातच आवळू नये म्हणून टाकणखार मिसळावा लागतो.

त्या स्फटिकांच्या प्रत्येक घटकात पाण्याचे सहा रेणू असतात. पाच आपण ओतलेल्या पाण्यातले. सहावा कुठून येतो? आम्लातला हायड्रोजन आणि ऑक्साइडमधला ऑक्सिजन एकत्र येऊन तो तिथेच जन्मतो. वजन मांडलं तर या स्फटिकात सुमारे 40 टक्के पाणीच आहे. हाताला कोरडा खडखडीत लागणारा दगड, आणि त्यात पाच भागांतले दोन भाग पाणी! याचा सख्खा भाऊ स्ट्रुव्हाइट. त्यात पोटॅशियमच्या जागी अमोनियम असतं, आणि जंतुसंसर्गाने होणाऱ्या मुतखड्यांत तो सापडतो.

आता प्रमाण. दोन्ही भुकट्या एकमेकींना पूर्ण पुरतील इतक्याच घेतल्या, तर 100 ग्रॅम भुकटीला सुमारे 51 ग्रॅम पाणी लागेल. प्रत्यक्षात ऑक्साइड मुद्दाम जास्त घेतात. न विरघळलेले त्याचे कण खडीसारखे आत राहतात. एका फॉस्फेटला पाच ऑक्साइड असं रेणूंचं प्रमाण धरलं, की पाण्याची गरज 27 ग्रॅमवर येते.

याहून कमी पाणी घातलं तर माल लवकर आवळतो, पण स्फटिकांना पाणी पुरत नाही आणि काही फॉस्फेट तसंच पडून राहतं. जास्त घातलं तर माल हाताला छान मऊ लागतो, आवळायला वेळ घेतो आणि उरलेलं पाणी आत छिद्रं करून ठेवतं. ताकद गेली! तापवलं तर स्फटिकांतलं पाणीही सुटतं, साधारण 100 अंशांच्या आसपास.

तेव्हा गवंड्यांनो, मोजून दिलेलं पाणीच घाला. माल घट्ट वाटला म्हणून वरून तांब्याभर ओतू नका. आणि नेहमीच्या सवयीने या कामावर पाणी मारायला जाऊ नका. नेहमीच्या सिमेंटला त्या पाण्याने बळ येतं. इथे मात्र उरलेलं फॉस्फेट विरघळून वाहतं आणि पकड कमी होते. हे सिमेंट हवेतच पिकू द्यायचं.