प्रत्यक्ष, अनुमान आणि सहा मिलिमीटरचे शिपाई

गेल्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तीन प्रमाणांविषयी बोललो. आज त्यांचाच विचार एका खेळाच्या आधाराने करू. खेळ असा : जुनी एखादी लढाई निवडायची, तिची भूमी टेबलावर उभी करायची, चिमुकले शिपाई मांडायचे आणि ठरलेल्या नियमांनी, फासे टाकत, ती पुन्हा लढायची. हा छंद तसा जुना आहे, एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्यावर एक पुस्तकच लिहिलं. आता आपण नेहमी म्हणतो की इतिहासात जर-तरला अर्थ नाही. मग या खेळातून काही कळतं का? आमच्या मते कळतं. मात्र जे कळतं ते ‘कोण जिंकलं असतं’ हे नव्हे.

उदाहरण असईच्या लढाईचं घेऊ. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा एकीकडे, तर आर्थर वेलस्ली दुसरीकडे. शिंद्यांचं कवायती पायदळ १०,०००हून अधिक, तोफा १००च्या आसपास. वेलस्लीकडे कंपनीचं नियमित सैन्य सुमारे ४,५००, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार.

हे टेबलावर कसं मांडायचं? समजा, टेबलावरचा १ मीटर म्हणजे मैदानावरचा १ किलोमीटर. म्हणजे माणूस दोन मिलिमीटरहूनही कमी उंचीचा हवा. तेवढा शिपाई रंगवायचा कसा आणि उचलायचा कसा? म्हणून ६ मिलिमीटरचे शिपाई घेतात. तेही जमिनीच्या मानाने तिप्पट उंच असतात, पण चालतं. ६०० जणांची पलटण दोन रांगांत उभी राहिली की साधारण १६ सेंटिमीटर जागा घेते. तिथे ३० शिपाई चिकटवले की एकेक शिपाई २० माणसांच्या जागी. दोन-तीन झोपड्या ठेवल्या की झालं असई गाव! म्हणजे बघा, टेबलावरची प्रत्येक वस्तू ही एक तडजोड आहे. खेळणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून त्यात फसवणूक नाही.

फसवणूक होते ती दुसरीकडे. वेलस्ली केळणेच्या दक्षिणेला होता. वाटाडे सांगत होते की जवळपास नदीला उतार नाही. त्याला दुर्बिणीतून दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने तर्क केला : इतकी जवळ गावं वसली, तर लोकांची ये-जा असणारच, म्हणजे मध्ये उतार असला पाहिजे. सैन्य त्या दिशेने वळवलं, आणि उतार सापडला. वाटाड्यांचं सांगणं हा शब्द, गावं दिसणं हे प्रत्यक्ष, आणि उतार हे अनुमान. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसंच हे.

टेबलावर काय होतं? उतार रंगवलेलाच असतो! शिंद्यांच्या बाजूने खेळणारा पहिल्याच डावात तिथे चार तोफा आणून ठेवतो. त्याचं चुकलं असं नाही. पण ती असईची लढाई राहत नाही. जे त्या दिवशी अनुमान होतं, ते इथे प्रत्यक्ष झालं.

यावर उपाय आहे. प्रशियात राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, त्यात मध्ये पंच असतो. खेळाडू पंचाला हुकूम देतात, आणि ज्याच्या सैन्याला जे दिसलं असतं तेवढंच पंच त्याला दाखवतो. फाशांचंही तेच काम. असईला लेफ्टनंट कर्नल ऑरॉकची तुकडी ठरल्यापेक्षा फार उजवीकडे, थेट गावातल्या तोफांसमोर गेली आणि तिच्यामागून गेलेली ७४वी पलटण कापली गेली. टेबलावर बोटाने सरकवलेला शिपाई कधी वाट चुकत नाही. म्हणून ‘हुकूम पाळला गेला का’ यासाठीही फासा टाकावा लागतो.

इथे मूळ प्रश्न न्यायाचा आहे. निकाल माहीत असलेले आपण मागच्यांना सहज म्हणतो, ‘एवढं साधं कळलं नाही?’ उताराचं रक्षण न करणारे मूर्ख, आणि तो शोधणारा अलौकिक! पण वेलस्लीचं अनुमान खोटं ठरलं असतं, तर त्यालाच आपण उतावळा म्हटलं असतं. आणि जिंकूनही त्याची १,५००हून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. टेबलावर ते ७५-८० शिपाई उचलून डबीत ठेवणं, एवढंच.

तेव्हा असा खेळ कुठे पाहायला मिळाला, तर कोण जिंकलं हे विचारण्याआधी खेळाडूला एवढं विचारा : ‘हे तुम्हाला दिसतंय, त्यांना दिसत होतं का?’ हाच प्रश्न इतिहासाचं पुस्तक वाचतानाही विचारता येईल.

आज इथेच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.