फरशी पुसली, पण तेल निघाले का?

जळगाव असो वा धुळे, शेवभाजीवर तेलाची तर्री हवीच. मात्र हेच तेल फोडणीतून उडून आणि पातेल्यातून सांडून हॉटेलच्या भटारखान्यातील फरशीवरही उतरते. त्यात पाणी मिसळले, की आचारी, वेटर घसरतात.

चालताना पाय जागेवर थांबतो तो घर्षणामुळे. तेलाचा पातळ थर पादत्राण आणि फरशीचा थेट स्पर्शच होऊ देत नाही. ओल्या फडक्याने हा थर निघत नाही, उलट पसरतो. फरशी स्वच्छ दिसते. धोका तसाच राहतो. गरम पाण्यात साबणाची पूड मिसळून ते फरशीवर काही मिनिटे राहू द्यावे, ब्रशने घासावे, धुवावे आणि कोरडे करावे. झिजलेल्या स्लीपरऐवजी खाचांच्या रबरी तळाचे बंद बूट वापरावेत. सांडलेल्या गरम रश्श्यापासूनही ते पाय वाचवतात.

पडताना माणूस नकळत हात टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. सूज असल्यास चोळू नये; हाताला आधार देऊन एक्स-रे काढावा. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. जळगाव व धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

‘बघून चालायचे ना!’ म्हणून विषय संपवू नये. अपघाताची नोंद करावी. कामावरील दुखापतीमुळे घरी बसावे लागल्यास ‘ईएसआयसी’च्या विमाधारक कामगाराला त्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. हात मोडलेल्या आचाऱ्याचे घर त्यावरच चालते.